रायफलीवरची दुर्बीण: काय करते, काय करत नाही

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझपदक घेतलं. या प्रकारातलं भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. टीव्हीवर सामना बघून आलेल्या अण्णांनी मला गाठलंच.

"रायफलीवर ती नळी बसवलीया, केवढ्या पावरची दुर्बीण म्हणायची ती?"

"दुर्बीण नाहीच ती, अण्णा."

"मग पन्नास मीटरवरचं दिसतंय कसं त्याला? तू बी काय सांगतोस!"

रेंजवर जायला लागून मला बरीच वर्षं झाली. आधी स्वतःच्या गुणांसाठी जायचो, आता शिकणाऱ्या पोरांसाठी जातो. अण्णांचा प्रश्न त्यामुळे नवा नव्हता. नवं एवढंच घडलं, की दोनेक महिन्यांनी अण्णांनी नातवासाठी स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली, तिच्यावर तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी दुर्बीण चढवली आणि एका रविवारी दोघं रेंजवर हजर झाले. दुर्बिणीबद्दल आजवर जे जे चुकीचं ऐकत आलो होतो, ते त्या एका सकाळी ओळीनं माझ्यासमोर आलं.

गैरसमज: ऑलिंपिकमध्ये दुर्बीण लावून नेम धरतात

ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावायला आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची मनाईच आहे. टीव्हीवर दिसते ती नळी म्हणजे पुढची साइट. तिच्यात एक बारीक कडं असतं. मागे, डोळ्याजवळ, डायॉप्टर असतो. त्याला मध्ये सुईएवढं भोक. या दोन्हींत मोठं करून दाखवणारी भिंगं नसतात. चष्मा लागत असेल, तर नंबराची एक काच चालते. तीही दृष्टी जागेवर आणण्यापुरती.

मग दिसतं कसं? खरं सांगायचं तर मधोमधचा, दहा गुणांचा ठिपका दिसतच नाही. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ५० मीटरवर तोच १०.४ मिलिमीटरचा. उभं राहून, नुसत्या डोळ्यानं तो शोधायला गेलात तर वेड लागेल. नेमबाज बघतो तो काळा गोल. १० मीटरवर त्याचा व्यास ३०.५ मिलिमीटर आणि ५० मीटरवर ११२.४. मागच्या भोकातून पुढचं कडं, कड्याच्या आत काळा गोल आणि दोहोंच्या मध्ये सगळीकडून सारखी पांढरी फट. परातीच्या मधोमध ठेवलेली वाटी बोटभर सरकली तर मोजपट्टी न लावता कळतं की नाही? गोलात गोल मधोमध आहे का, हे ओळखण्यात माणसाचा डोळा फार तरबेज आहे आणि डायॉप्टरचं सगळं काम त्याच जोरावर चालतं. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ करून सुवर्णपदक जिंकलं, जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, ती अशाच साइटवर. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटरचा विश्वविजेता झाला, तोही असाच.

एक अपवाद आहे. सरकत्या टार्गेटच्या प्रकारात रायफलीवर दुर्बीण चालते, पण चारपटीपेक्षा मोठी नाही. तो प्रकार २००४ च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमधून गेला. शिवाय ५० मीटरवर नेमबाजाच्या शेजारी स्टँडवर एक वेगळी दुर्बीण उभी दिसू शकते. ती गोळी कुठे लागली आणि वाऱ्याची झेंडी कुठे वळली ते बघायची. अण्णांचा घोटाळा बहुतेक तिथे झाला असावा.

गैरसमज: जितकी पॉवर जास्त, तितका नेम पक्का

अण्णांच्या दुर्बिणीवर ३-९×४० असं छापलं होतं. म्हणजे समोरची वस्तू तीन ते नऊ पट मोठी दिसणार आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. अर्थातच नातवानं पॉवरचं कडं नऊवर नेऊन ठेवलं होतं. पैसे नवाचे दिलेत तर तीनवर का बघायचं?

उभ्यानं रायफल धरली की ती हलते. जगज्जेत्याचीही हलते. नाडीचा ठोका, श्वास, पायांचा तोल, सगळं दुर्बिणीतल्या नेमाच्या फुलीपर्यंत पोचतं. नऊ पटीवर टार्गेट नऊ पट मोठं होतं, तसा हा थरथराटही नऊ पट मोठा दिसतो. फुली दहावरून सटकते, परत येते, पुन्हा सटकते. पोरगं काय करतं? फुली दहावर येईल त्या क्षणाची वाट बघतं आणि ती आली रे आली की चाप हिसकतं. हिसक्यानं नळी खाली जाते, छर्रा सातात. पॉवर चारवर आणली की हात तेवढाच हलत असतो, पण दिसतो कमी. मग पोरगं फुलीचा पाठलाग सोडून चाप हळूहळू दाबायला लागतं. त्या दिवशी नातवाला चारवर आणून बसवलं, तर तिसऱ्या-चौथ्या छर्‍यालाच त्याचे खांदे सैल पडलेले दिसले.

आता हे सगळ्यांना लागू नाही. टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडून, त्यावर रायफल टेकवून मारणारे बेंचरेस्टवाले छत्तीस पटीच्या दुर्बिणी वापरतात आणि ते बरोबरच करतात. तिथे रायफल हलतच नाही, म्हणून छिद्राच्या कडेवर नेम धरता येतो. फील्ड टार्गेट नावाच्या एअर रायफलच्या प्रकारातही मोठी पॉवर वापरतात, कारण तिथे दुर्बिणीच्या फोकसवरून अंतर ओळखावं लागतं. उभ्यानं मारणाऱ्या नवशिक्याला यातलं काहीच लागत नाही.

पुढच्या भिंगाबद्दलही असाच समज आहे, की ते जितकं मोठं तितका उजेड जास्त. त्याला एक साधा भागाकार आहे. भिंगाचा व्यास भागिले पॉवर, म्हणजे डोळ्यापाशी येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा व्यास. ४० भागिले ९ म्हणजे साधारण साडेचार मिलिमीटर. ४० भागिले ३ म्हणजे तेरा. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आक्रसलेली असते. त्यापेक्षा मोठा ठिपका असला म्हणून दिवसा काही जास्त उजळ दिसत नाही. मोठ्या ठिपक्याचा खरा फायदा डोकं ठेवण्यात आहे. तेरा मिलिमीटरच्या ठिपक्यात डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी चित्र राहतं. साडेचारात जरा सरकलात की काळी चंद्रकोर दिसायला लागते. पॉवर उतरवायचं हे दुसरं कारण.

गैरसमज: नॉब फिरवले की नेम सुधारतो

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण दुर्बीण घेणाऱ्यांचे निम्मे पैसे आणि जवळजवळ सगळा वेळ या एका समजापायी जातो.

दुर्बिणीला दोन नॉब असतात. वरचा गोळीची जागा वर-खाली सरकवतो, बाजूचा डावी-उजवीकडे. बस. गोळ्या एकमेकींपासून किती विखुरल्यात, यावर नॉबचा काडीचाही परिणाम होत नाही. पाच छर्‍यांचा पुंजका, ज्याला आम्ही ग्रुप म्हणतो, तो बशीएवढा असेल तर नॉब फिरवून तो वाटीएवढा होणार नाही. ती बशी तशीच्या तशी उचलून दुसरीकडे ठेवली जाईल, इतकंच.

आमच्याकडे नवं पोरगं पहिला छर्रा मारतं, तो उजवीकडे लागतो. लगेच नॉब. दुसरा डावीकडे. परत नॉब. तिसरा खाली. दहा छर्‍यांनंतर मूळ सेटिंग कुठे होतं हे त्याला माहीत नसतं, मला नसतं, दुर्बीण बनवणाऱ्यालाही कळणार नाही. एका छर्‍यावरून केंद्र कळत नाही. पाच मारायचे, मध्ये एकदाही नॉबला हात लावायचा नाही, मग पाचांचं मधलं ठिकाण पेन्सिलीनं खुणवायचं आणि तिथून दहापर्यंतचं अंतर मोजायचं. जमत असेल तर आणखी पाच मारून खात्री करायची. एखादा छर्रा सुटतानाच आपल्या हातून चाप हिसकला हे जाणवलं असेल, तर तो हिशेबातून वगळायचा, पण आधी खरं बोलून. छर्रा लागल्यावर टार्गेट बघून "तो माझाच चुकला होता" म्हणणारे आमच्या रेंजवर पुष्कळ आहेत.

ग्रुप मोठा का येतो, याची कारणं दुर्बिणीच्या बाहेर शोधावी लागतात. अण्णांच्या रायफलीचं उदाहरण घ्या. १० मीटरवर, पिशवीवर टेकवून, पाच छर्‍यांचा ग्रुप भरला सहा सेंटिमीटर. म्हणजे काळ्या गोलाच्या दुप्पट. अण्णा तोवर दोन्ही नॉब इतके फिरवून बसले होते की वरचा नॉब टोकाला जाऊन अडला होता.

मी आधी दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणाऱ्या माउंटच्या स्क्रूला हात लावला. चारपैकी दोन बोटानं फिरले. दुर्बिणीच्या नळीवर माउंटच्या रिंगेच्या मागे एक ताजा ओरखडा होता, म्हणजे दुर्बीण दर छर्‍याला कणाकणानं मागे सरकत होती. स्प्रिंगच्या रायफलीचा हा खोडसाळपणा आहे. चाप दाबला की जड पिस्टन जोरात पुढे धावतो, त्यामुळे रायफल मागे जाते. टोकाला पोचून पिस्टन थांबतो, तेव्हा रायफल झटक्यात पुढे येते. दोन्ही दिशांनी धक्का. मोठ्या बोअरच्या रायफलीचा धक्का जोराचा असला तरी एकाच दिशेचा असतो. म्हणून त्यावर वर्षानुवर्षं टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलीवर थोड्याच दिवसांत आतून खिळखिळी होऊ शकते. घेतानाच विचारायचं, स्प्रिंगवर चालणारी आहे का. आणि माउंट असं हवं की ज्याची खुंटी रायफलीवरच्या भोकात अडकते, नाहीतर ते सरकणारच.

दुसरं कारण अण्णांच्या हातात होतं. त्यांनी रायफल लाठी धरल्यासारखी आवळली होती. स्प्रिंगची रायफल छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच हलायला लागते. ती दर वेळी सारखीच हलली पाहिजे, तरच छर्रे एका जागी जातात. म्हणून ती तळहातावर नुसती ठेवायची, खांद्याला हलकी टेकवायची आणि तिला उडायचं तसं उडू द्यायचं. आवळून धरली की एकदा जास्त आवळली जाते, एकदा कमी, आणि प्रत्येक छर्रा आपापल्या वाटेनं जातो. पिशवीवर टेकवायची तर पिशवी हाताखाली ठेवायची, रायफलीखाली नाही.

तिसरं कारण छर्रे. एकाच वजनाच्या छर्‍यांतही डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ असा मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं वेगळा मिळतो, आणि एका नळीला एक रुचतो, दुसरीला दुसरा. ५० मीटरला वापरतात त्या पॉइंट टू टू च्या गोळ्यांचंही तेच. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण वेगळ्या लॉटच्या गोळ्या त्याच रायफलीतून वेगळा ग्रुप देतात. म्हणून मोठे नेमबाज लॉट तपासून मगच एकगठ्ठा खरेदी करतात. दुर्बिणीच्या जाहिराती चाळण्यात घालवलेल्या संध्याकाळी चार प्रकारचे छर्रे मारून बघण्यात घालवल्या, तर पदरात जास्त पडतं.

स्क्रू आवळले, हात सैल केला, छर्रे बदलले. दुपारपर्यंत ग्रुप दोन सेंटिमीटरवर आला. नॉबला तोवर कुणी हात लावला नव्हता, फक्त आरंभी अडलेला नॉब मधोमध आणून ठेवला होता. दोन सेंटिमीटर म्हणजे काही पदक नव्हे. पण आता केंद्र कळत होतं आणि ते सरकवण्यात अर्थ होता.

गैरसमज: एक क्लिक म्हणजे पाव इंच

नॉबवर तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे दोष वाचणाऱ्याचा नाही. पण ते पाव इंच १०० यार्डांवरचं आहे. क्लिक हा खरं तर कोन आहे. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक क्लिक. कोन तोच राहतो, अंतर घटलं की सरकणं घटतं. १०० मीटरवर एका क्लिकनं गोळी साधारण ७.३ मिलिमीटर सरकते, ५० मीटरवर ३.६, २५ मीटरवर १.८ आणि १० मीटरवर जेमतेम ०.७.

आता अण्णांचा ग्रुप १० मीटरवर एक सेंटिमीटर डावीकडे होता. त्यांनी दोन क्लिक दिले, म्हणजे दीड मिलिमीटर, आणि म्हणाले, "दुर्बीण बाद हाय, हलंना झालीया." चौदा क्लिक लागतात तिथे. उलट ५० मीटरवर कुणी तीन सेंटिमीटर चुकत असेल, तर आठ क्लिकमध्ये काम होतं. हा भागाकार वहीच्या मागच्या पानावर एकदा करून ठेवला की आयुष्यभर पुरतो. काही दुर्बिणींचे नॉब मिल या कोनाच्या दुसऱ्या मापात असतात. तिथे एका क्लिकचं ०.१ मिल म्हणजे १०० मीटरवर एक सेंटिमीटर आणि १० मीटरवर एक मिलिमीटर. मीटरमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा हिशेब जास्त सोपा. पाव इंचाच्या नादात आपण उगाच सापडलोय.

दिशेबद्दल एक लहानशी गोष्ट. नॉबवर 'अप'चा बाण असतो, तो गोळी वर नेण्यासाठी. फुली वर नेण्यासाठी नाही. गोळ्या खाली लागत असतील तर अप.

नॉब खरोखर सांगितल्याइतके सरकतात का, हे तपासायची जुनी पद्धत आहे. रायफल टेकवून पाच मारा. वीस क्लिक वर द्या, पाच मारा. वीस उजवीकडे, पाच. वीस खाली, पाच. वीस डावीकडे, शेवटचे पाच. नेम शेवटपर्यंत एकाच ठिपक्यावर. कागदावर चौकोन उमटायला हवा आणि शेवटचे पाच पहिल्या पाचांवर बसायला हवेत. नाही बसले, तर दुर्बीण परत करायची पावती शोधा.

गैरसमज: दुकानातच झिरो करून दिलीय

दुकानात फार तर नळीच्या रेषेशी दुर्बिणीची रेषा ढोबळमानानं जुळवून देतात, म्हणजे पहिला छर्रा निदान कागदावर लागेल. तुमचा गाल, तुमचे छर्रे, तुमचं अंतर दुकानदाराला कुठून ठाऊक असणार? झिरो, म्हणजे फुली आणि गोळीची जागा जुळवणं, रेंजवरच होतो. छर्रा बदलला की पुन्हा, दुर्बीण काढून बसवली की पुन्हा.

गैरसमज: चित्र स्वच्छ दिसतंय, म्हणजे दुर्बीण जुळली

जुन्या स्कूटरवर मागे बसून कधी वेगाचा काटा वाचलाय? चालवणाऱ्याला चाळीस दिसतो, मागच्याला बाजूनं बघताना पंचेचाळीस. काटा आणि आकडे यांच्यात थोडं अंतर असतं, म्हणून डोळा सरकला की काटा वेगळ्या आकड्यावर दिसतो. दुर्बिणीत फुली हा काटा आणि टार्गेटचं चित्र ही तबकडी. दोन्ही एकाच पातळीवर नसतील तर डोकं जरा सरकलं तरी फुली टार्गेटवर चालायला लागते, रायफल जागची न हलता. याला पॅरॅलॅक्स म्हणतात.

साध्या दुर्बिणींत ही पातळी कारखान्यातच एका अंतराला जुळवलेली असते, बहुधा १०० यार्डांना, आणि पॉइंट टू टू साठीच्या दुर्बिणींत ५० च्या आसपास. शंभराला जुळवलेली ४० मिलिमीटरची दुर्बीण तुम्ही १० मीटरवर वापरलीत तर डोळा कडेला गेल्यावर चूक किती होऊ शकते? हिशेब केला तर सतरा-अठरा मिलिमीटर. काळ्या गोलाची त्रिज्याच सव्वापंधरा. म्हणजे फुली दहावर दिसत असताना छर्रा काळ्याच्या बाहेर पडू शकतो आणि तुमच्या हातून काहीच चुकलेलं नसतं, गाल सोडून.

म्हणून एअर रायफलला पॅरॅलॅक्स बदलता येणारी, दहा यार्डांपर्यंत खाली येणारी दुर्बीण हवी. पुढच्या भिंगाभोवती कडं असतं किंवा डाव्या अंगाला तिसरा नॉब. त्यावरचे आकडे अंदाजाचे असतात, त्यांच्यावर विसंबू नका. रायफल पिशव्यांवर ठेवा, हात काढून घ्या, दुर्बिणीतून बघत मान हळूच होकारार्थी आणि नकारार्थी हलवा. फुली टार्गेटवर सरकते का बघा. सरकायची थांबली की तो आकडा खरा, मग तिथे काहीही छापलेलं असो. आणि पॅरॅलॅक्सचं कडं नसेल, तर गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकवा. कडं असलं तरी टेकवा.

डोळ्याकडचं कडं यापेक्षा वेगळं. ते टार्गेटसाठी नसून फुली तुमच्या डोळ्याला धारदार दिसावी म्हणून असतं. पांढऱ्या भिंतीकडे रायफल रोखून, क्षणभर बघून नजर काढायची. टक लावून बघितलं तर डोळाच जुळवून घेतो आणि कडं चुकीचं राहतं. एकदा जुळलं की त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडची पोरं नेमकं हेच कडं फिरवत बसतात. अर्थात रायफल रिकामी आहे हे आधी उघडून बघायचं आणि भिंत रेंजवरची हवी, शेजाऱ्याच्या घराची नाही.

गैरसमज: नळीतून सुटलेली गोळी आधी वर चढते

नळीच्या रेषेच्या वर गोळी कधीच जात नाही. सुटल्या क्षणापासून ती पडतच असते. पॉइंट टू टू ची गोळी ५० मीटरला पोचायला सेकंदाचा साधारण सहावा भाग घेते आणि तेवढ्यात बारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. एअर रायफलचा छर्रा १० मीटरमध्येच दीड-पावणेदोन सेंटिमीटर पडतो. मग गोळी वर चढल्यासारखी का वाटते? दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते आणि आपण झिरो करतो तेव्हा नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर उचललेलं असतं. नजरेची रेषा सरळ, गोळीची वाट वाकडी. ती नजरेच्या रेषेला खालून छेदून वर येते आणि पुढे परत खाली जाते. २५ मीटरवर झिरो केलेली एअर रायफल १० मीटरवर खाली मारते, याचं नवल वाटायचं कारण नाही.

यातून एक गोष्ट निघते, जी फार जण विसरतात. नळी वर उचललेली आहे ती तुम्ही रायफल उभी धरलीत म्हणून. रायफल पाच अंश कलली की ती उचल थोडी बाजूला वळते. ५० मीटरवर गोळी साधारण एक सेंटिमीटर बाजूला जाते आणि दहाचं वर्तुळच एक सेंटिमीटरचं आहे. फुली मात्र दहावरच दिसत असते. पुष्कळ अव्वल नेमबाज रायफल मुद्दाम कलती धरतात, मान आरामात राहावी म्हणून. त्यांची रायफल दर वेळी तितकीच कलते आणि झिरोही त्याच कलावर केलेला असतो. आपली रोज वेगळी कलते.

गैरसमज: दुर्बिणीत नायट्रोजन भरलेला आहे, पावसाळ्यात धुकं धरणार नाही

आत नाही धरणार. बाहेर धरेलच. जुलैत एसीच्या खोलीतून दुर्बीण काढून कोल्हापूरच्या हवेत आणलीत की काचेवर बाहेरून दव जमतं. दहा मिनिटं थांबा. शर्टाच्या टोकानं पुसू नका, काचेवरचा मुलामा ओरखडतो.

गैरसमज: चांगली रायफल, चांगली दुर्बीण असली की बाकी आपोआप होतं

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सनं ५० मीटर प्रोनचं सुवर्ण जिंकलं ते उसन्या रायफलीवर. त्याची स्वतःची कुणीतरी आधीच नासवून ठेवली होती. दोन दिवसांनी थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत तो शेवटच्या गोळीपर्यंत आरामात पुढे होता. ती गोळी त्यानं शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारली. शून्य गुण, पहिल्यावरून थेट आठवा. २००८ मध्ये बीजिंगला पुन्हा शेवटच्या गोळीला पुढे असताना बोट चापावर लवकर पडलं आणि लागले ४.४. साहित्यात काही खोट नव्हती. उसन्या रायफलीवर जिंकणारा आणि स्वतःच्या आघाडीवर हरणारा माणूस एकच होता, हे मी दुर्बिणीची किंमत विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. फारसं कुणी ऐकत नाही.

स्वस्तातली दुर्बीण घ्या असं मात्र मी म्हणत नाही. ज्या दुर्बिणीची फुली क्लिक देऊनही जागेवर राहत नाही ती फुकट मिळाली तरी महाग. पण वर सांगितलेल्या चौकोनाच्या परीक्षेत उतरलेल्या मध्यम दुर्बिणीच्या पुढे नवशिक्याला ज्यादा पैशांचं फळ बरीच वर्षं दिसत नाही.

गैरसमज: परवाना लागत नाही, म्हणजे खेळणंच की

४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, हे खरं. स्पर्धेची एअर रायफल साडेसात-आठ ज्यूलची असते आणि तिचा छर्रा माणसाचा डोळा कायमचा घालवू शकतो, हेही तितकंच खरं. पक्ष्यांवर नेम धरणाऱ्यांनी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचावा. आणि रायफलीवर दुर्बीण आहे म्हणून गच्चीवरून लांबचं देऊळ बघायला ती उचलू नये. दुर्बिणीतून जे बघता, त्याच्यावरच नळीही रोखलेली असते. नुसतं बघायचंच असेल तर डोळ्यांना लावायची साधी दुर्बीण घ्या.

अण्णांचा नातू आता दर रविवारी येतो. मी त्याच्या रायफलीवरची दुर्बीण महिनाभरासाठी काढून ठेवायला लावली. रायफलीबरोबर आलेल्या साध्या साइटवर तो गाल टेकवायला आणि चाप दाबायला शिकतोय. अण्णा अजून नाराज आहेत. एवढ्या पैशांची वस्तू कपाटात पडून आहे, त्यांचं म्हणणं चूक नाही. तुमच्याही कपाटात अशी एखादी असेल, तर रविवारी सकाळी जवळच्या रेंजवर या. येताना माउंटच्या स्क्रूला बसेल अशी किल्ली, पांढरे कागद, पेन्सिल आणि दोन-तीन प्रकारच्या छर्‍यांचे डबे आणा. पहिले पाच छर्रे मारून होईपर्यंत नॉबला हात लावू नका.